कला आणि डिझाइन विद्याशाखेत विद्यार्थ्यांचे यश कसे नोंदवावे?

एका विद्यापीठाच्या कला आणि डिझाइन विद्याशाखेत नव्याने समन्वयकपद स्वीकारलेल्या प्राध्यापकांना वर्षअखेरीस विद्यार्थ्यांच्या यशाचा आणि सर्जनशील प्रकल्पांचा वृत्तांत तयार करायचा आहे, आणि त्याला जोडूनच अंतिम वर्षाचे प्रदर्शनही भरवायचे आहे. वृत्तांतात कोणते प्रकल्प घ्यावेत, पारितोषिकांना किती जागा द्यावी आणि प्रत्येक कामाविषयी नेमके काय लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. स्टुडिओत शिकवताना, ज्युरीत (म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचे परीक्षण करणाऱ्या मंडळात) बसताना आणि असे वृत्तांत लिहिताना माझे मत असे बनत गेले की वृत्तांताचा कणा प्रकल्प असावा. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला, कोणते निर्णय केले, काय टाकून दिले आणि शेवटी काय उभे राहिले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. पारितोषिक मिळाले असेल, तर ते त्या नोंदीच्या शेवटी एका ओळीत यावे.

पारितोषिके मी कमी लेखतो असे नाही. अनोळखी परीक्षकांसमोर काम ठेवण्याचे धाडस विद्यार्थ्याला पुष्कळ काही शिकवते, आणि काही स्पर्धांची परंपरा खरोखरच भक्कम आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सची विद्यार्थी डिझाइन स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील चित्रपट अकादमी विद्यार्थ्यांच्या चित्रपटांना १९७३ पासून स्वतंत्र पुरस्कार देते. अडचण इतकीच की परीक्षक जे पाहतात आणि शिक्षक जे पाहतो, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षकांसमोर काही फलक किंवा काही मिनिटांची फिल्म असते. त्यामागचे वर्ष त्यांना दिसत नाही, आणि ते दिसावे अशी अपेक्षाही नसते.

या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण माया लिन यांचे आहे. येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असताना मृत्यू आणि स्मृती यांच्याशी निगडित वास्तुकलेवरील एका अभ्यासक्रमात त्यांनी व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या वॉशिंग्टन येथील स्मारकाचे डिझाइन केले. १९८१ मध्ये या स्मारकासाठी झालेल्या खुल्या स्पर्धेसाठी १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या, त्या परीक्षकांसमोर निनावी ठेवल्या गेल्या, आणि आठ सदस्यांच्या मंडळाने निवडलेली प्रवेशिका एकवीस वर्षांच्या या विद्यार्थिनीची निघाली. त्याच कामाला वर्गात ‘बी’ श्रेणी मिळाली होती. ही गोष्ट सांगताना शिक्षकाला हसण्याची पद्धत आहे, पण मला त्यात शिक्षकाची चूक दिसत नाही. वर्गातील श्रेणी अभ्यासक्रमाच्या अपेक्षांवर दिली जाते आणि स्पर्धेतील निवड त्या जागेच्या गरजेवर होते. आपल्याला त्यातून घ्यायचे आहे ते वेगळेच. त्या प्रवेशिकेत पेस्टलमधील काहीशी धूसर रेखाटने होती आणि सोबत हाताने लिहिलेला मजकूर होता. जमिनीत उतरत जाणारी भिंत, तिच्यावर कोरलेली नावे, त्या नावांचा क्रम आणि तिथे चालत येणाऱ्या माणसाचा अनुभव हे सगळे त्या मजकुरात मांडलेले होते. चित्र पाहून जे स्पष्ट होत नव्हते, ते शब्दांनी स्पष्ट केले होते. कामाविषयी नीट लिहिणे हा कामाचाच भाग आहे, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रत्येक प्रकल्पाविषयी काय लिहावे, या प्रश्नाकडे येतो. माझ्या अनुभवाप्रमाणे वृत्तांत फसतो तो इथेच. ‘अभिनव संकल्पना’, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’, ‘वापरकर्ता-केंद्रित दृष्टिकोन’ अशी वाक्ये कोणत्याही प्रकल्पाला चिकटवता येतात, म्हणूनच ती कोणत्याच प्रकल्पाविषयी काही सांगत नाहीत. त्याऐवजी ॲनी अल्बर्स यांचा पदविका-प्रकल्प कसा सांगता येतो ते पाहा. जर्मनीतील बाउहाउस या कला-डिझाइन संस्थेच्या विणकाम कार्यशाळेत शिकत असताना त्यांनी बर्लिनजवळच्या बेर्नाउ येथील कामगार संघटनांच्या प्रशिक्षण संस्थेतील सभागृहासाठी भिंतीवर लावायचे कापड तयार केले. सभागृहात आवाज घुमत होता, आणि प्रकाशही वाढवायला हवा होता. त्यांनी कापडाच्या पुढच्या बाजूस सेलोफेन विणून प्रकाश परावर्तित होईल असे केले आणि मागच्या बाजूस लवदार शेनील धागा वापरून आवाज शोषला जाईल अशी योजना केली. या कामावर त्यांना १९३० मध्ये पदविका मिळाली. या चार-पाच वाक्यांत एकही विशेषण कौतुकाचे नाही, तरी काम किती बुद्धीचे होते हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते, कारण अडचण, साहित्य आणि निर्णय या तिन्हींची नावे घेतलेली आहेत. विद्यार्थ्यांकडून मजकूर मागवताना मी हीच तीन नावे आधी लिहून मागतो आणि मगच बाकीचे लिहू देतो. विशेषणे नंतर बहुधा आपोआप गळून पडतात.

चित्र, शिल्प, मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) किंवा मांडणीशिल्प (इन्स्टॉलेशन) करणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र हा साचा जसाच्या तसा लावू नये. त्यांच्या कामात ‘अडचण आणि उपाय’ शोधायला लावले, की ते बिचारे कुठला तरी सामाजिक प्रश्न चित्रावर टांगतात आणि चित्र त्या ओझ्याखाली दबते. अशा कामाविषयी विद्यार्थी काय पाहत होता, कोणत्या साहित्याने त्याला अडवले आणि मालिकेतील पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंत काय बदलले, एवढे साधेपणाने लिहिले तरी पुरते. तपशिलाची ओळ मात्र चोख हवी: शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची, रुंदी आणि त्रिमितीय काम असेल तर खोलीही, याच क्रमाने, मुद्राचित्र असेल तर आवृत्तीतील कितवी प्रत हेही. ‘मिश्र माध्यम’ हे दोन शब्द फार आळशीपणे वापरले जातात. कागदावर कोळसा आणि मेण असेल, तर तसेच लिहावे. पुढे कधी ते काम जतन करण्याची वेळ आली, तर जतन करणाऱ्याला याच ओळीचा आधार असतो.

अंतिम वर्षाचा प्रकल्प प्रत्यक्ष उत्पादनात गेला, हे यश दुर्मीळ असते आणि त्याची नोंद तितक्याच काळजीने व्हायला हवी. जर्मनीतील उल्म येथील डिझाइन संस्था १९५३ ते १९६८ एवढीच वर्षे चालली. तिथल्या हान्स रोएरिश्त यांनी पदविकेसाठी उपाहारगृहांत वापरायच्या, एकावर एक रचता येणाऱ्या भांड्यांचा संच डिझाइन केला. भांड्यांच्या कडा आणि व्यास असे जुळवलेले होते, की एकाच नव्हे तर वेगवेगळ्या प्रकारची भांडीही एकमेकांवर नीट बसावीत. ‘टीसी १००’ या नावाने तो संच रोझेन्थाल समूहाच्या थॉमस या नाममुद्रेखाली उत्पादनात आला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही पोहोचला. या प्रकल्पात मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे मर्यादित उद्दिष्ट. विद्यार्थ्याने जग बदलायला घेतले नव्हते. भांडी ठेवायला जागा कमी लागावी, एवढाच प्रश्न त्याने शेवटपर्यंत तडीस नेला. आजच्या अंतिम वर्षाच्या प्रस्तावांमध्ये शहराची वाहतूक, हवामानबदल आणि मानसिक आरोग्य हे सारे एका सत्रात आणि एका ॲपने सोडवण्याची घाई दिसते. वृत्तांतासाठी निवड करताना अशा भव्य प्रस्तावांपुढे लहान पण पूर्ण झालेला प्रकल्प मागे पडू देऊ नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

इथेच भाषेच्या प्रामाणिकपणाचा मुद्दा येतो. संकल्पचित्र, चालते प्रारूप (प्रोटोटाइप), काही लोकांनी वापरून पाहिलेले प्रारूप आणि प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू या चार निराळ्या पायऱ्या आहेत, आणि वृत्तांतात पहिल्या पायरीवरचे काम चौथ्या पायरीच्या क्रियापदांत लिहिले जाण्याचा मोह फार असतो. ‘हे उपकरण अंध व्यक्तींना रस्ता ओलांडण्यास मदत करते’ आणि ‘हे उपकरण अंध व्यक्तींना रस्ता ओलांडण्यास मदत करावी अशा हेतूने तयार केलेले प्रारूप असून अद्याप ते प्रत्यक्ष रस्त्यावर तपासलेले नाही’ या वाक्यांतला फरक एखाद्या अंध वाचकाला नक्कीच कळेल. रुग्णालये, शाळा किंवा वस्त्यांमध्ये केलेल्या प्रकल्पांबाबत आणखी एक प्रश्न विचारावा: सत्र संपून विद्यार्थी निघून गेल्यावर तिथे काय उरले? भिंतीवरचे चित्र, वापरात असलेली वस्तू, शिकलेले कौशल्य यांपैकी काही उरले असेल, तर तेच यश म्हणून लिहावे. केवळ छायाचित्रे उरली असतील, तर त्या प्रकल्पाला विद्यार्थ्याचा अभ्यास म्हणावे, समाजसेवा म्हणू नये. ज्यांच्यासोबत काम केले, त्यांच्या छायाचित्रांसाठी त्यांची लेखी परवानगी हवी, आणि लहान मुले असतील तर पालकांची.

पारितोषिकांच्या नोंदीसाठी मी काही कडक सवयी सुचवीन. ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत यश’ एवढेच लिहिण्याऐवजी स्पर्धेचे पूर्ण नाव, वर्ष, विभाग आणि मिळालेला नेमका दर्जा लिहावा. सहभाग, प्राथमिक यादी, अंतिम यादी, उल्लेखनीय काम, विभागातील पारितोषिक आणि सर्वोच्च पारितोषिक यांत अंतर आहे, आणि सगळ्यांना ‘विजेते’ म्हटले की खऱ्या विजेत्यावरच अन्याय होतो. स्पर्धेचा धंदा कसा चालतो, हेही पाहावे. काही स्पर्धा प्रवेशशुल्क घेतात, आणि काही तर पारितोषिक मिळाल्यावर बोधचिन्हाच्या वापरासाठी, पुस्तिकेतील पानासाठी किंवा प्रदर्शनासाठी पुन्हा मोठी रक्कम आकारतात. जिथे विभाग शेकड्याने आहेत आणि प्रत्येक विभागात सुवर्ण, रौप्य आणि कांस्य वाटले जाते, तिथे मिळालेल्या पदकाचे वजन आपण आपल्या बुद्धीने ठरवावे. परीक्षकांची नावे जाहीर आहेत का, प्रवेशिका निनावी तपासल्या जातात का आणि कामाचे हक्क कोणाकडे राहतात, या तीन प्रश्नांची उत्तरे स्पर्धेच्या नियमांत सापडत नसतील, तर विद्यार्थ्याला तिथे काम पाठवण्यास मी सांगत नाही.

शुल्काचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. पारितोषिकांची यादी ही पुष्कळदा ‘कोणाला स्पर्धेत उतरणे परवडले’ याचीही यादी असते. शुल्क, छपाई, चांगले छायाचित्रण, पाठवणीचा खर्च आणि संध्याकाळचा मोकळा वेळ या गोष्टी सर्वांकडे सारख्या नसतात. शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी स्पर्धेच्या अंतिम तारखेला बहुधा कामावर असतो. विद्याशाखेने शुल्कासाठी लहानसा निधी ठेवला आणि छायाचित्रणाची सोय सर्वांसाठी खुली केली, तर पुढच्या वर्षीच्या यादीत नवी नावे दिसू लागतात.

हक्कांबाबत अधिक सविस्तर सांगायला हवे, कारण यशाच्या आनंदात हाच भाग विसरला जातो. १९७१ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांनी नायकी कंपनीचे आज सर्वज्ञात असलेले चिन्ह रेखाटले आणि त्याचे ३५ डॉलरचे बिल कंपनीला पाठवले. कंपनीने १९८३ मध्ये त्यांना सन्मानादाखल समभाग दिले, पण तो कंपनीचा सद्भाव होता, कराराने आलेला अधिकार नव्हता. त्याच सुमारास, १९७० मध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी गॅरी अँडरसन यांनी कागद-पुठ्ठा बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्पर्धेत तीन बाणांचे पुनर्वापराचे चिन्ह सादर करून पहिले पारितोषिक मिळवले. ते चिन्ह आज कोणाच्याही खासगी मालकीचे नाही आणि जगभर छापले जाते. दोन्ही विद्यार्थ्यांचे काम अजरामर म्हणावे इतके टिकले, पण कामाचा मोबदला आणि हक्क कसे ठरणार, हे काम सुरू होण्याआधीच्या अटींनी निश्चित केले. बाहेरच्या संस्थेसाठी होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थी, विद्यापीठ आणि संस्था यांच्यात आधीच साधा लेखी करार असावा, आणि निदान आपल्या पोर्टफोलिओत ते काम दाखवण्याचा अधिकार विद्यार्थ्याने कधीही सोडू नये.

पेटंट घेण्याजोगे काही प्रकल्पात असेल, तर प्रदर्शनाची तारीखच घातक ठरू शकते. युरोपीय पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीरपणे दाखवला, तर त्याचे नावीन्य सामान्यतः संपते. अमेरिकेत स्वतः केलेल्या प्रकटीकरणानंतर बारा महिन्यांची सवलत आहे, आणि युरोपीय संघात वस्तूच्या बाह्य डिझाइनच्या नोंदणीसाठीही बारा महिन्यांची सवलत मिळते. म्हणजे एकाच प्रकल्पाला निरनिराळे नियम लागू होऊ शकतात. प्रदर्शनाच्या आणि वृत्तांताच्या आधी निदान दोन महिने विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाकडे अशा प्रकल्पांची यादी पाठवावी. चित्रपट आणि ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी असते: अनेक महोत्सव प्रथम प्रदर्शनाचा आग्रह धरतात आणि पूर्ण फिल्म आधीच सर्वांसाठी खुली असेल, तर ती नाकारतात. त्यांच्या बाबतीत वृत्तांतात एक स्थिरचित्र आणि छोटी झलक पुरेशी आहे. संगीताचे आणि अक्षरमुद्रांचे (फॉन्टचे) परवाने मात्र याच वेळी तपासून घ्यावेत, कारण वर्गात चालून गेलेले उसने संगीत महोत्सवात चालत नाही.

श्रेयाची नोंद हा मी सर्वांत अधिक वेळ देतो असा भाग आहे. १९२३-२४ मध्ये वायमारच्या बाउहाउसमधील धातुकाम कार्यशाळेत घडलेला काचेच्या घुमटाचा प्रसिद्ध दिवा पुष्कळ ठिकाणी केवळ विल्हेल्म वागेनफेल्ड यांच्या नावाने ओळखला जातो. संग्रहालये मात्र त्यांच्यासोबत कार्ल याकोब युकर यांचेही नाव लिहितात, आणि ते योग्यच आहे. कार्यशाळेत कल्पना हातोहात फिरतात, म्हणून कोणी काय केले हे त्या त्या वेळी लिहून ठेवले नाही, तर नंतर ज्याचा आवाज मोठा त्याचे काम ठरते. गटप्रकल्पात ‘संकल्पना’, ‘संशोधन’, ‘रेखांकन’, ‘प्रारूप’, ‘संकलन’ अशा कामांपुढे नावे लिहावीत आणि ती यादी गटातील प्रत्येकाने वाचून मान्य करावी. कार्यशाळेतील तंत्रसाहाय्यक, साचे बनवणारे कारागीर आणि ध्वनिमुद्रण करणारे मित्र यांचीही नावे यावीत. मार्गदर्शकाचे नाव एकदा यावे. शीर्षकाच्या शेजारी तर नकोच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने प्रतिमा किंवा मजकूर घडवला असेल, तर कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी, हे त्याच यादीत एका ओळीत लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नसते, पण न सांगितलेले नंतर उघड झाले, तर सगळ्या प्रकल्पावरचाच विश्वास जातो.

निवडीबाबत माझा सल्ला असा की प्रदर्शन आणि वृत्तांत यांना वेगवेगळे नियम लावावेत. प्रदर्शनात अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जागा मिळालीच पाहिजे; तो त्याचा हक्क आहे, बक्षीस नव्हे. वृत्तांतात मात्र थोडेच प्रकल्प घ्यावेत आणि प्रत्येकाला पुरेशी पाने द्यावीत, कारण प्रत्येकी एक छायाचित्र आणि दोन ओळी अशा नोंदी कोणी वाचत नाही. निवड एकट्या समन्वयकाने करू नये. विभागातील दोघे, दुसऱ्या विभागातील एक आणि बाहेरून आलेली एक जाणकार व्यक्ती पुरेशी आहे. या मंडळाला तयार फलकांसोबत स्केचबुक आणि बाद केलेली प्रारूपेही पाहायला द्यावीत. झकपक सादरीकरणाआड दडलेला पोकळपणा आणि साध्या सादरीकरणामागचे कष्ट, दोन्ही स्केचबुकाच्या मधल्या पानांवर पकडले जातात. निदान एखादा तरी फसलेला प्रकल्प वृत्तांतात घ्यावा, असेही मी सुचवतो: भट्टीत तडकलेली मातीची मालिका आणि तिच्या तडकण्याची शोधलेली कारणे पुढच्या तुकडीला चार यशस्वी फुलदाण्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

छायाचित्रणाविषयी थोडक्यात. प्रत्येक वस्तूचे एक चित्र साध्या पार्श्वभूमीवर, एक वापरात असताना आणि एक आकाराचा अंदाज येईल असे घ्यावे. रंगाचे काम असेल, तर रंगपट्टी ठेवून एक संदर्भचित्र काढावे आणि ते जतन करावे. मांडणीशिल्प आणि सादरीकरणकला यांची नोंद प्रदर्शन सुरू असतानाच व्हावी. नंतर ते काम उरतच नाही. मूळ फाइली, छापण्याजोग्या प्रती आणि मजकूर एकाच ठरलेल्या नामपद्धतीने दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात, कारण विद्यार्थ्याचे विद्यापीठातील खाते पदवीनंतर बंद होते आणि त्यासोबत काम नाहीसे झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

कामाचे वेळापत्रक उलट्या दिशेने आखावे. प्रदर्शनाच्या आठवड्यात मजकूर मागवला, तर थकलेले विद्यार्थी तीच गुळगुळीत वाक्ये पाठवतील. म्हणून प्रकल्पाच्या मध्यावरच्या ज्युरीच्या वेळी पहिला मसुदा घ्यावा, अंतिम ज्युरीनंतर तो सुधारून घ्यावा आणि छपाईपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्या नोंदीवर, श्रेयाच्या यादीवर आणि छायाचित्रांच्या वापरावर लेखी संमती घ्यावी. पदवीनंतर तीन वर्षांनी याच विद्यार्थ्यांना एक छोटी प्रश्नावली पाठवून त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले, हे विचारावे आणि मिळालेले उत्तर मूळ नोंदीखाली तारखेसह जोडावे.